पान एकेचाळीस, खालून चौथी ओळ

जी वस्तू अजून विक्रीला आलेलीच नव्हती, ती मी आठ दिवस विकत होतो.

शिरूरच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो, त्यामुळे व्यवहारात मी कच्चा असेन अशी शंका सहसा कुणाला येत नाही. अल्पबचतीची एजन्सी बायकोच्या नावावर आणि फॉर्म भरायची हमाली माझ्याकडे, अशी आमच्या घरातली वाटणी. नव्वदीच्या दशकात पाटबंधाऱ्यांच्या एका सरकारी महामंडळानं कालव्यांसाठी कर्जरोखे काढायचं ठरवलं, तेव्हा पुण्याच्या एका दलालानं माहितीपत्रकांचा एक गठ्ठा आमच्याकडे पाठवून दिला. दीडशे पानांचं एकेक पुस्तक, सगळं इंग्रजीत. "नुसतं दाखवून ठेवा, सर. वातावरण तयार होतं," असं तो फोनवर म्हणाला. मी वातावरण जरा जास्तच तयार केलं.

कवठे येमाईच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथल्या दूध संकलन केंद्राच्या कट्ट्यावर सकाळी पन्नासेक माणसं हमखास सापडतात. त्यांच्यापुढे उभा राहून मी म्हणालो, "हे रोखे सरकारी आहेत. वर सरकारची हमी आहे. आणि शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या नियामक मंडळानं हे पुस्तक पानन् पान तपासून मंजूर केलेलं आहे."

मागून एक शांत आवाज आला. "गुरुजी, मंजूर कुठं लिवलंय?"

धोतर, पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि एक भिंग. गृहस्थांनी माझ्याच गठ्ठ्यातली एक प्रत उचललेली होती आणि ती मागच्या बाजूनं उघडलेली होती.

"आत असेल की," मी म्हणालो.

"आतलं ऱ्हाऊ द्या. कव्हरावर डाव्या अंगाला हुबं काय छापलंय?"

मी मान वाकडी करून वाचलं. लाल इंग्रजी अक्षरांत उभं छापलं होतं, 'ड्राफ्ट', म्हणजे 'मसुदा'.

"आता पान दोन. खालनं वाचा."

गणिताच्या मास्तराला पाचपन्नास माणसांपुढे वाच म्हटल्यावर वाचावंच लागतं. मी एकेक वाक्य मराठी करून सांगू लागलो आणि प्रत्येक वाक्यागणिक माझा आवाज उतरू लागला. हे पत्रक मंडळाकडे सादर केलं म्हणजे मंडळानं ते मंजूर केलं, असं कुणीही समजू नये. योजनेच्या भक्कमपणाची जबाबदारी मंडळ घेत नाही. यातली विधानं बरोबर आहेत याचीही जबाबदारी मंडळ घेत नाही.

"मग मंडळानं केलं काय?" कुणीतरी दुधाची बरणी उचलत विचारलं. हसण्यासाठी कुणी थांबलं नाही, सगळ्यांना दूध घालून घरी जायचं होतं. मला त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि आज आहे असंही छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

अशी माझी आणि गेनू आप्पांची ओळख झाली.

आप्पा कोणताही कागद खालून वर वाचत. धनगराच्या घरातला हा पहिला शिकलेला माणूस. दौंडला पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी करून, पेन्शन घेऊन वाडीला परतलेला. खालून का वाचता, असं विचारलं तर म्हणत, "दौंडाला ऱ्हायलोय मी. मनमाडची गाडी दौंडात आली की इंजिन हिकडचं काडून तिकडं लावत्यात. शेपटीचं तोंड हुतं. गाडी तरी बी जातीच की."

लग्नपत्रिका हातात आली की आप्पा आधी छापखान्याचं नाव बघत, मग 'आहेर आणू नये' आहे का, मग जेवणाची वेळ, मग निमंत्रकांची फौज, आणि वरवधू सगळ्यांत शेवटी, सापडले तर. एकदा एका पत्रिकेत तारीख आणि वार जुळत नव्हते. तारीख सत्तावीस, वार गुरुवार, आणि सत्तावीसला होता शुक्रवार. आप्पांनी मुलीच्या बापाला गाठून विचारलं, "गुरुवारी यायचं का सत्तावीसला?" बापाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. तो म्हणाला, "आप्पा, समद्यांना म्हाईत हाय कवा हाय ते." आप्पा गुरुवारी नवे कपडे घालून मांडवात जाऊन बसले, शुक्रवारी पुन्हा गेले. "कागदाचा मान ठिवला," म्हणाले.

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. "आधी दात, मग लोकर." मेंढरू घेताना लोकर बघून भुलायचं नाही, तोंड उघडून दात बघायचे, म्हणजे खरं वय कळतं. आप्पांना कागदाचेही दात दिसत. ते दात बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत असत. भिंग त्यासाठीच होतं.

कट्ट्यावरच्या फजितीनंतर मी दोन दिवस ते पुस्तक खरोखर वाचलं आणि जे काय थोडं कळत होतं तेही कळेनासं झालं. रविवारी पुस्तक घेऊन आप्पांच्या घरी गेलो.

"आप्पा, हे असं आहे बघा. मंडळ म्हणतं, आम्ही मंजूर केलं नाही, तपासायचं काम रोख्यांची विक्री सांभाळणाऱ्या बँकेचं. बँक म्हणते, महामंडळानं जे सांगितलं ते आम्ही तपासलं. पतमापन करणारी कंपनी म्हणते, आमचा शेरा म्हणजे शिफारस नव्हे. शेअर बाजार म्हणतो, परवानगी दिली म्हणजे आम्हाला पसंत आहे असं नव्हे. मग हे बघितलं कुणी?"

"समद्यांनी बगितलंय."

"मग जबाबदार कोण?"

"जो वाचंल त्यो." आप्पांनी मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. "गुरुजी, सरकारी फायलीवर सायेब 'पाहिले' लिवत्यात, ठावं हाय का तुमास्नी? पाहिले आन् खाली सही. म्हंजी डोळ्याखालनं गेलं. हां न्हवं, न्हाई बी न्हवं. एका सायबाला सवयच लागली हुती. सोताच्या बदलीच्या कागदावर पाहिले लिवलं आन् ग्येलाच न्हाई चार म्हैनं."

"म्हणजे मंडळानं नुसतं पाहिले लिहिलंय?"

"तसं बी न्हाई. आता आयका. मेंढरू लंगडं आसलं म्हनून काय इकता येत न्हाई व्हय? येतं की. पर लंगडं हाय आसं सांगून इकायचं. मंडळ यवढंच बगतं, समदं सांगितलं का न्हाई. सांगितलं नसंल तर बँकंला लिवतं, हे सांगा, ते सांगा, ह्यो शबुद बदला. मेंढरू घ्यायचं का न्हाई, ते तुमचं तुमी बगा."

"आणि मसुदा म्हणजे?"

"मंडळ बगायच्या येळंलाच लोकांस्नी बी एकवीस दिस दावत्यात. कुनाला काय चुकीचं दिसलं तर कळवा म्हनून. पत्ता दिलाय मागच्या पानावर, तळाला."

"कळवतं कोण?"

"कोन न्हाई," आप्पा समाधानानं म्हणाले.

मला सगळं लख्ख समजलं. एस.टी. स्टँडपर्यंत आलो तोवर पुन्हा गोंधळ झाला, पण लंगडं मेंढरू तेवढं डोक्यात राहिलं.

त्या आठ दिवसांत मी आणखी एक उद्योग करून ठेवला होता, तो आता सांगायला हवा.

आप्पांना एक धाकटा भाऊ होता, बिरू. घराण्यात मेंढरं त्यानंच पुढे चालवली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड, मागे कुत्री आणि दोनशे मेंढरं घेऊन तो घाट उतरून कोकणात जाई, पावसाळ्याच्या तोंडाला परत येई. वय साठीला टेकलेलं, गुडघे बोलायला लागलेले. भावांची वाडीला सामाईक जमीन होती आणि बिरूचं ठरलेलं होतं, पाटाला पाणी आलं की मेंढरं विकायची आणि शेती करायची. पाट खणून कित्येक वर्षं झाली होती. त्यात गवत छान येई.

माझी कीर्ती ऐकून बिरू फजितीच्या आधीच एकदा कट्ट्यावर आला होता. "गुरुजी, आमच्या वाडीचं नाव हाय का त्येच्यात?" मी शोधलं. होतं. पान एकेचाळीस, खालून चौथी ओळ. वाडीपर्यंतचा पोटकालवा पूर्ण, येत्या रब्बीत पाणी सोडणार. मी मोठ्या आनंदानं वाचून दाखवलं, वर आपल्या पदरचं एक वाक्यही जोडलं, "आणि हे मुंबईनं तपासलंय."

बिरूनं त्याच आठवड्यात मेंढरांचा व्यापारी गाठला. दसरा झाला की पहिल्या बाजाराच्या दिवशी व्यापारी येऊन अख्खा कळप घेऊन जाणार, असं ठरवूनही टाकलं.

हे आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला निरोप धाडला, "स्कूटर घ्यून या." गेलो. आप्पा मागे बसले. रस्ता त्यांना माहीत होता, पण वळण मागे पडल्याशिवाय त्यांना ते आठवत नसे. "ते ऱ्हायलं बगा मागं," असं चार वेळा ऐकत आम्ही पाटाच्या कडेकडेनं वरच्या अंगाला गेलो. पाट चांगला दगडी अस्तराचा होता. एका ओढ्यापाशी आला आणि संपला. ओढ्याच्या पलीकडे पुन्हा सुरू झाला. ओढ्यावरून पाणी न्यायला जो पूल हवा, त्याचे दोन खांब तेवढे मध्ये उभे होते. गजांना गंज चढलेला, एका खांबावर बगळा.

खाली एक बाई धुणं धूत होत्या. मी विचारलं, "हे काम कधीपासून थांबलंय?"

"थांबलंय व्हय?" त्या म्हणाल्या. "मी लगीन हून आले तवापास्नं दोनच खांब हायेत. आता माझी सून बी हितंच धुनं धुती."

आप्पांनी पावलं टाकून ओढ्याची रुंदी मोजली, वहीत लिहिली, खाली सही केली.

संध्याकाळी आम्ही दोघं बिरूच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे मेंढरांचा, काटेरी कुंपणाचा. आप्पा म्हणाले, "बिरू, पानी यीत न्हाई. मी बगून आलोय. वड्यावर पूलच न्हाई."

बिरू कोकराच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं वर न बघता उत्तर दिलं. "दादा, तू पाटाच्या हापिसात हुतास. तीस वर्सं तू यीतंय म्हनलास, तवा आलं न्हाई. आता न्हाई म्हनतूस, म्हंजी यील."

मी घाईनं म्हणालो, "बिरूभाऊ, चूक माझी आहे."

"तुमी वाचलं ते चुकलं, का छापलंय ते चुकलं?"

"छापलंय ते."

"मग छापनाऱ्याला सांगू द्या की."

परतताना स्कूटरवर बसण्याआधी आप्पांनी वही काढून ओढ्याची रुंदी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बरुबर हाय त्येचं. मी त्याला लई येळा यीतंय यीतंय म्हनलोय. माज्या तोंडाला आता किंमत न्हाई. छापूनच आलं पायजे." आणि मग बोटं मोजून, "एकविसातलं सा दिस ऱ्हायल्यात."

पत्र माझ्यासमोर लिहिलं. आप्पांनी कागदाच्या तळाशी आधी 'प्रत माहितीसाठी' लिहिलं, मग सही केली आणि त्यानंतर वरच्या मोकळ्या जागेत मजकूर घातला. साडेतीन ओळी. पान अमुक, ओळ अमुक, 'पूर्ण' हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही, ओढ्यावरील पूल अपूर्ण आहे, सबब दुरुस्ती व्हावी. मी त्यात सरकारी कारभाराबद्दल दोन झणझणीत वाक्यं सुचवली. आप्पांनी ती ऐकून घेतली आणि लिहिली नाहीत. "शिव्या घातल्या की कागूद फायलीत जातो. दुरुस्ती लिवली की टेबलावर ऱ्हातो." मग मी इंग्रजी केलं, आप्पांनी ते खालून वर तपासलं, आणि एक स्वल्पविराम माझा खरोखरच चुकला होता.

रजिस्टर पोस्टानं एक प्रत मंडळाला गेली, एक बँकेला. मंडळाचं छापील उत्तर आलं, पत्र मिळालं, योग्य त्या कार्यवाहीसाठी बँकेकडे पाठवलं आहे. मला ती पळवाट वाटली. आप्पांना आनंद झाला. "सरकला कागूद," म्हणाले. पुढे नवरात्रात ओढ्यापाशी एक जीप येऊन गेल्याचं कळलं. दोन साहेब उतरले, खांब बघितले, धुणं धुणाऱ्या बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी काय सांगितलं ते मला अंदाजानं सांगता येईल.

दसरा झाला. व्यापारी यायचा त्याच्या आदल्या दिवशी दलालाचा फोन आला की अंतिम माहितीपत्रकं आलीत. मी शाळेत अर्धी रजा टाकून पुण्याला गेलो, एक प्रत घेतली आणि परतीच्या एस.टी.त पान एकेचाळीस उघडलं. तिथे कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा तक्ता होता. वाघोली गेली, कोरेगाव गेलं, मी पानं उलटतोय. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊ, निकाल लागला का पोराचा?" शेवटी आप्पांची पद्धत आठवली आणि मागून वाचत आलो. पान त्रेचाळीसवर सापडलं. पोटकालव्याचं खोदकाम पूर्ण. मात्र ओढ्यावरील पुलाचं काम बाकी असून ते होईपर्यंत पुढील गावांना पाणी सोडता येणार नाही.

साडेतीन ओळींच्या पत्राची दीड ओळ झाली होती. कुणाचं नाव नाही, आभार नाहीत. कव्हरावरचा 'मसुदा' गेला होता, आणि पान दोनवर मंडळ पुन्हा सांगत होतं, आम्ही हे मंजूर केलेलं नाही.

तसाच वाडीला गेलो. बिरूपुढे वाचलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग ती ओळ कुठे आहे ते विचारून तिच्यावर अंगठा ठेवला. आप्पा जरा लांब दगडावर बसून आपल्या वहाणेचा अंगठा बघत होते.

"म्हंजी दादाचं खरं निगालं म्हनायचं," बिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी रिकामा ट्रक घेऊन आला तसा गेला. जाताना त्यानं माझ्याविषयी काही उद्गार काढले, असं ऐकतो. त्या वाडीत माझा एकही रोखा खपला नाही.

भाऊबीज झाली आणि बिरू घोडं, कुत्री, मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागला. चार दिवसांनी मी सहज आप्पांकडे गेलो. आप्पा घरामागे होते. तिथे एक खोली मी पहिल्यांदाच बघितली. नुकताच चुना दिलेली, नवी पट्टी विणलेली बाज, भिंतीत मोठ्या खुंट्या, कोपऱ्यात घोंगडी ठेवायला फळी. दाराबाहेर पाचसात मेंढरं बांधता येतील असा गोठा. आप्पा बाजेवर वर्तमानपत्रं अंथरत होते, धूळ बसू नये म्हणून.

"ही कुणाची खोली?"

"बिऱ्याची. पेन्शन झाली त्या वर्सीच बांदली. पाच मेंढरं बी ठिवू दिली आसती त्याला. एकदम सोडवत न्हाईत त्येला."

मला गप्प बसता आलं नाही. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही पत्र लिहिलं नसतं तर आज तो इथे असता."

"आसता की." त्यांनी कागदाचा कोपरा बाजेखाली नीट दुमडला. "मेंढरं इकून आला आसता आन् उनाळ्यात हितं बसून कोरड्या पाटाकडं बगत बसला आसता. माज्याम्होरं. कसं बगायचं ते मी?"

मग त्यांनी चहा केला. पूर्वी बिरूची सहा-सात महिने खुशाली कळत नसे, आता तरी कळते का, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "त्येला वाचाय येत न्हाई. आन् पत्ता तरी काय घालायचा, गुरुजी? आज एका रानात, उद्या दुसऱ्या."

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती चकल्यांचा डबा भरत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमची दिवाळीची सुट्टी अजून किती दिवस आहे?"

"आठ दिवस. का?"

"आप्पांना घेऊन जा मग. हा डबा पण न्या."

"अगं, पण कोकणात कुठे शोधू मी त्याला?"

"दोनशे मेंढरं घेऊन माणूस कुठे लपणार आहे," ती म्हणाली. "विचारत विचारत जा."